केसपेपरच्या खिडकीपासून कॅथेटरपर्यंत: मेडिकलच्या मुलांसाठीच्या एका प्रशिक्षणाबद्दल

आधी मार्क सांगते, मग कारणं. पाचपैकी साडेतीन. प्रशिक्षण घेण्यासारखं आहे, पैसे वाया जाणार नाहीत, पण जसंच्या तसं घेऊ नका.

माझी ओळख थोडक्यात. सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. नोकरीत धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्हे फिरून झाले. सर्जिकल वॉर्ड, मेडिकल वॉर्ड, कॅज्युअल्टी, सगळीकडच्या रात्रपाळ्या केल्या. आता अमळनेरला असते आणि जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, मुलींना शिकवायला जाते. खान्देशातल्या एका मेडिकल कॉलेजनं तिसऱ्या वर्षाच्या आणि इंटर्न मुलांसाठी पुण्याहून एक टीम बोलावली होती. विषय असा की, रुग्ण गे, लेस्बियन, बायसेक्शुअल किंवा ट्रान्सजेंडर (थोडक्यात एलजीबीटी) असला तर त्याच्याकडे वाकड्या नजरेनं न बघता त्याला नीट तपासायचं कसं. कार्यक्रम दोन दिवसांचा. विद्यार्थ्यांकडून जेवणासकट दोनशे रुपये, बाकी खर्च कॉलेजचा. नर्सिंगवाल्यांपैकी आम्ही दोघी मागच्या रांगेत निरीक्षक म्हणून बसलो होतो.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ यथासांग झालं. पहिल्या रांगेतले विभागप्रमुख चहा पिऊन गेले ते परत आले नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे याबद्दल बोलायचं आहे.

पहिलं सत्र कायदा आणि इतिहासाचं. शिकवणाऱ्या मॅडम मानसोपचारतज्ज्ञ, अभ्यास दांडगा. पण स्लाईड सगळ्या इंग्रजीत, अक्षर बारीक आणि वेग असा की वही उघडेपर्यंत पान उलटलेलं. १९७३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं काढली, १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं ट्रान्सजेंडर व्यक्तींना स्वतःची लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला, ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळले. पोरं भराभर सनावळी उतरवत होती, परीक्षेला येईल या आशेनं. एवढं सगळं एका छापील पानावर देऊन वीस मिनिटांत आटोपता आलं असतं.

हॉल जागा झाला तो त्यांच्या स्वतःच्या अभ्यासक्रमाचा विषय निघाल्यावर. न्यायवैद्यकात, म्हणजे कोर्ट-पोलिसांच्या कामी येणाऱ्या वैद्यकात, समलैंगिक संबंध वर्षानुवर्षं अनैसर्गिक गुन्ह्यांच्या मथळ्याखाली शिकवले गेले. जून २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी घरातून निघून आलेल्या दोन मुलींच्या जोडप्याच्या प्रकरणात पोलिसांना तर सुनावलंच, पुढे त्याच प्रकरणात डॉक्टरांचा अभ्यासक्रमही तपासायला सांगितला. ऑक्टोबर २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं कॉलेजांना आणि पुस्तकं लिहिणाऱ्यांना तशी सूचना काढली. २०२२ मध्ये मजकूर बदलला. आणि ऑगस्ट २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत तोच जुना मजकूर पुन्हा हजर! सोडोमी (गुदमैथुन) आणि लेस्बियनिझम परत गुन्ह्यांच्या यादीत. देशभर ओरड झाली, ५ सप्टेंबरला सूचना मागे घेतल्या, आठवड्याभरात सुधारलेल्या आल्या.

मॅडमनी विचारलं, सिनियरच्या जुन्या नोट्स कुणाकुणाकडे आहेत? जवळजवळ सगळ्यांचे हात वर. त्यात ते पान आहे का अजून? पोरं हसायला लागली. म्हणजे आहे.

सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांचं नाव निघालं तेव्हा मला बरं वाटलं. कौमार्य तपासणीला शास्त्रीय आधार नाही, हे त्यांनी अहवाल लिहून मांडलं आणि आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं २०१९ मध्ये तो भाग अभ्यासक्रमातून काढला. विदर्भातला एक प्राध्यापक चिकाटीनं मागे लागला आणि पुस्तकातला मजकूर हलला, हे पोरांना कळायलाच हवं होतं.

पण बाकी सगळी उदाहरणं चेन्नई, दिल्ली, मुंबईची. शेवटी असोद्याची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या शेजारी भादली आहे, तिथलं सांगा ना." टीमला ते ठाऊकच नव्हतं. जळगाव-भुसावळ रेल्वेलाईनवरचं भादली बुद्रुक. तिथे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील यांनी महिला राखीव जागेवर अर्ज भरला, ट्रान्सजेंडर म्हणून तो बाद झाला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला कोर्टानं त्यांना महिला म्हणून उभं राहू दिलं आणि त्याच महिन्यात गावानं त्यांना निवडूनही दिलं. ही हकिगत त्या पोरीनं लेवा बोलीच्या ठसक्यात सांगितली आणि तिला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या दिवसभरात कुणाला पडल्या नाहीत. पुण्याच्या टीमला माझी सूचना आहे: ज्या जिल्ह्यात जाल तिथली निदान दोन उदाहरणं आधी गोळा करा. गावचे लोक अडाणी आणि शहराचे शहाणे, असा सूर नकळत लागतो. भादलीच्या मतदारांनी तो खोटा पाडलेला आहे.

दुसरं सत्र म्हणजे या प्रशिक्षणाचा खरा माल. हॉलमध्ये टेबलं मांडली, प्रत्येक टेबलाशी एक रुग्ण-शिक्षक आणि चार-पाच विद्यार्थी. रुग्ण-शिक्षक म्हणजे स्वतः एलजीबीटी समाजातले लोक. जळगाव जिल्ह्यातल्या एक हिजडा गुरू होत्या, भुसावळचा रेल्वेत नोकरी करणारा एक गे तरुण होता, एक ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदलेला पुरुष होता, शिंदखेड्याकडचा. टीमनं त्यांची आधी पुण्यात तयारी करून घेतली होती. विद्यार्थ्यानं हिस्ट्री घ्यायची, म्हणजे रुग्णाला विचारून माहिती काढायची, इतरांनी बघायचं, संपल्यावर रुग्णानं सांगायचं की कुठे खटकलं.

पहिल्याच पोराची भंबेरी उडाली. गुरूंना तो एकदा सर म्हणाला, एकदा मॅडम म्हणाला, तिसऱ्यांदा काहीच म्हणाला नाही आणि एकदम विचारलं, "ऑपरेशन झालंय का?" गुरू शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, मी ताप घेऊन आले. तुझ्याकडे ताप घेऊन येणाऱ्या सगळ्यांच्या चड्डीची चौकशी करतोस का?" पोरगं लाल झालं. मग त्यांनीच त्याला सावरून घेतलं. म्हणाल्या, आधी विचार, तुम्हाला काय म्हणून हाक मारू. मी सांगेन, ताई म्हण. मग तापाचं विचार. तपासताना गरज पडली तर खालचंही विचार, पण का विचारतोस ते आधी सांग.

एवढंच शिकवणं. पण ते तोंडानं बोलून घेतलं, पुन्हा पुन्हा घेतलं, म्हणून ते बसलं. "लग्न झालंय का?" या एका प्रश्नावर आपले डॉक्टर सगळी लैंगिक हिस्ट्री उरकतात. झालंय म्हटलं की संबंध आहेत, नाही म्हटलं की नाहीत! इथे पोरांकडून असं घोकून घेतलं: "हे प्रश्न मी सगळ्यांनाच विचारतो, उत्तर केसपेपरवर ठळक लिहून ठेवणार नाही, नको वाटलं तर सांगू नका. सध्या कुणाशी शारीरिक संबंध आहेत का? पुरुषाशी, बाईशी, की दोघांशी?" पहिल्या खेपेला जिभा अडखळल्या. संध्याकाळपर्यंत पोरी तर सरळ डोळ्यांत बघून विचारायला लागल्या होत्या. पोरांना जास्त वेळ लागला, हे माझं निरीक्षण.

इथे एक गोष्ट मी मागून हात वर करून सांगितली आणि टीमच्या डॉक्टरांनी ती लगेच लिहून घेतली. त्यांच्या सरावात रुग्ण एकटा खुर्चीत बसलेला असतो. आपल्याकडे रुग्ण एकटा येतो का? सोबत सासू, दीर, चुलता आणि जमलं तर सरपंचसुद्धा. ओपीडीच्या टेबलाभोवती दुसरे सात रुग्ण माना घालून ऐकत उभे. तिथे "पुरुषाशी की बाईशी" विचारून दाखवा. म्हणून सगळ्यात आधी शिकवायला हवं ते सोबतच्यांना बाहेर काढणं. ते एकालाच लावलं तर संशय येतो, म्हणून नियम सगळ्यांना सारखा: "तपासायचं आहे, पेशंट आत, बाकी सगळे बाकावर." आम्ही गुप्तरोगाच्या रुग्णांसाठी हे वर्षानुवर्षं करत आलो. दुसऱ्या दिवशीच्या सरावात त्यांनी दोन पोरांना नातेवाईक बनवून उभं केलं, हे त्यांच्या खात्यात जमा.

दुसरा अडसर भाषेचा. लातूरचा, कोल्हापूरचा, मुंबईचा विद्यार्थी, समोर साक्रीचा म्हातारा. गुरूंनी मुद्दाम एक फेरी अहिराणीत केली. "माले लघवीच व्हई नही ऱ्हायनी," म्हटल्यावर कोल्हापूरच्या पोरानं शेजाऱ्याकडे बघितलं. तळोदा, अक्कलकुव्याकडे तर भिली, पावरी. नाजूक प्रश्न परक्या भाषेत विचारायचा आणि मधे दुभाषा म्हणून गावचाच माणूस बसवायचा, म्हणजे गुपित वेशीवर टांगलंच. टीमकडे यावर तयार उत्तर नव्हतं. माझ्याकडे आहे: प्रश्नांची एक चिठ्ठी अहिराणीत करून घ्या. कॉलेजातच अमळनेर-पारोळ्याची दहा पोरं सापडतील, एका दुपारचं काम.

मुलाला घेऊन आलेल्या आईचा प्रसंगही चांगला बसवला होता. आई म्हणते, याला पोरांचंच वेड आहे, औषध देऊन सुधारून द्या. डॉक्टरची भूमिका करणारा इंटर्न दिलासा द्यायचा म्हणून बोलून गेला, "वयानुसार होतं, लग्न लावून द्या, बरा होईल." मॅडमनी तिथेच थांबवलं. बदलून देण्याचे असले उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं वैद्यकीय आयोगानं ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलेलं आहे, म्हणजे उद्या तक्रार झाली तर रजिस्ट्रेशनवर येईल. आणि लग्न लावून दिलं की ज्या मुलीशी लावलं तिचं काय? हा प्रश्न एका विद्यार्थिनीनं विचारला, कुठल्याही स्लाईडवर तो नव्हता. मग आईशी काय बोलायचं तेही सांगितलं: तुमच्या मुलाला हा आजार नाही. पण त्याला झोप नाही, जेवण जात नाही, जिवाचं बरंवाईट करण्याचं मनात येतं, त्यावर आपण उपचार करू, आणि तुमच्याशीही वेगळं बोलू. हे मला पटलं. आई काही वैरीण नसते. तिला दहा मिनिटं लागतात आणि ओपीडी दोन देते, हा मात्र प्रशिक्षणाच्या आवाक्याबाहेरचा दोष.

तिसरं सत्र फिजिशियन सरांचं, शरीराचं. माझ्या दृष्टीनं हेच सर्वांत मोलाचं आणि यालाच सर्वांत कमी वेळ. जेवणानंतरचा एक तास. असं का करतात? गोड वागणं शिकवायला दीड दिवस आणि हातातलं कसब शिकवायला एक तास!

तरी सरांनी तासाचं सोनं केलं. ट्रान्स स्त्रिया, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंदलेल्या स्त्रिया, डॉक्टरकडे जायला घाबरतात म्हणून हार्मोनसाठी मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून चार-चार, सहा-सहा खातात. त्यातल्या इथिनिल इस्ट्रॅडिऑल या हार्मोननं रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, सोबत बिडी-सिगारेट असेल तर आणखीच. तेव्हा पोटरी सुजून आली किंवा अचानक दम लागला तर आधी गुठळीचा विचार करा. पुरुषी हार्मोन दाबणारं स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढलंय का बघा. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाचं हिमोग्लोबिन चढतं, रिपोर्टवर "फिमेल" छापलं असेल तर लॅब लाल खूण करणार आणि तुम्ही गोंधळणार. त्याची पाळी थांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही, गर्भनिरोधनाचं बोलायलाच हवं. गर्भाशयाचं तोंड असेल तर त्याच्या कॅन्सरची तपासणीही हवी, मग दाढी असो नाहीतर मिशी. आणि ट्रान्स स्त्रीची शस्त्रक्रिया झाली तरी प्रोस्टेट ग्रंथी आतच राहते. सरांचं सूत्र एकच: जो अवयव आहे त्याची काळजी घ्या. गे पुरुषांच्या बाबतीत हिपॅटायटिस बी ची लस, घशाची आणि गुदद्वाराचीही तपासणी. ताप-खोकला घेऊन आलेल्या गे रुग्णाला काही न विचारता आधी एचआयव्ही टेस्ट लिहून देणाऱ्यांची त्यांनी हजेरी घेतली. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, संमतीशिवाय टेस्ट नाही आणि निकाल चव्हाट्यावर नाही.

मग कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी. यासाठी मी वेगळा परिच्छेद करते, कारण हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सरकारी दवाखान्यात, नाव घेत नाही, रात्रीच्या वेळी लघवी अडकलेल्या एक हिजडा बाई आल्या. पोट फुगून टम्म झालेलं. दायीकडून निर्वाण, म्हणजे लिंग-अंडकोष काढून टाकणं, करून घेतलेलं, जखम भरताना लघवीचं तोंड आक्रसून गेलेलं. ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरनं नेहमीप्रमाणे सोळा नंबरचा कॅथेटर घेतला आणि जोर लावला. रक्त आलं. तो घाबरला, बाई ओरडायला लागल्या. इकडे मेल वॉर्ड म्हणे आमच्याकडे नको, फिमेल वॉर्ड म्हणे आमच्याकडे नको. तेवढा वेळ त्या बाई व्हरांड्यातल्या बाकड्यावर पोट धरून. शेवटी सर्जन घरून आले आणि ओटीपोटातून नळी घातली, तेव्हा सुटका झाली. तो डॉक्टर वाईट नव्हता हो. नंतर चहा पिताना म्हणाला, "सिस्टर, हे मला कधी कुणी दाखवलंच नाही."

फिजिशियन सरांनी हे एका स्लाईडवर सांगितलं: जोर लावू नका, आठ-दहा नंबरची बारीक नळी बघा, जात नसेल तर थांबा, सर्जनला बोलवा, ओटीपोटातून मोकळं करा. बरोबर आहे, शब्दशः बरोबर. पण स्लाईडवर बघून कॅथेटर येतो का कुणाला? कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये मॉडेल पडून आहेत. त्यातल्या एकाचं तोंड अरुंद करून प्रत्येकाच्या हातून नळी घालून घ्यायला हवी होती. अर्धा मार्क मी इथे कापला.

भुसावळच्या तरुणानं दुसऱ्या दिवशी सकाळी सही-संमतीचा विषय काढला. त्याचा अपघात झाला तेव्हा बरोबर राहणाऱ्या जोडीदाराला आयसीयूच्या दारात, "तुम्ही कोण? मित्र? मग बाहेर थांबा, नातेवाईकांना बोलवा," असं ऐकावं लागलं. नातेवाईक म्हणजे ज्यांनी याला घराबाहेर काढलं ते. संमतीच्या कागदावर त्यांचीच सही पाहिजे म्हणून दिवस गेला, आणि रुग्ण आत टक्क जागा. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असला तर संमती त्याची स्वतःची, हे सुप्रीम कोर्टानं समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्येच सांगितलेलं आहे. आपल्या दवाखान्यांत मात्र काकाची सही जास्त वजनदार. हे फक्त एलजीबीटी रुग्णांचं नाही, सासरच्यांच्या सहीसाठी ताटकळलेल्या बाळंतिणी मी किती बघितल्या. त्यामुळे हे सत्र इंटर्ननी सक्तीनं ऐकावं.

आता उरलेला मार्क. लेस्बियन आणि बायसेक्शुअल, दोघांना मिळून तीन-चार स्लाईड. रुग्ण-शिक्षकांत एकही लेस्बियन नव्हती. टीम म्हणाली, इथली कुणी उघडपणे यायला तयार झाली नाही. ते मी समजू शकते. पण मग एखादी नटी घ्या, तिला गोष्ट लिहून द्या, जळगावात नाटकवाल्यांची कमतरता नाही. स्त्रीरोग ओपीडीत अविवाहित बाई आली की संबंध नाहीत असं गृहीत धरतात आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी टळते. एचपीव्हीचा, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याचा, संसर्ग बाईकडून बाईला होऊ शकतो, हे हॉलमधल्या अर्ध्या पोरींना नवीन होतं, असं त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलं. म्हणजे विषयाची गरज होती आणि तोच आखडता घेतला.

आणि सगळ्यात मोठी त्रुटी. रुग्ण डॉक्टरपर्यंत पोचतो तो किती माणसं ओलांडून? गेटवरचा वॉचमन. मग केसपेपरची खिडकी. तिथे मागे रांग उभी असताना आतून आवाज येतो, "मेल का फिमेल?" किंवा विचारतच नाहीत, मान वर करून बघतात आणि आपल्या मनानं टाकतात. मग ओपीडीच्या दारात नाव पुकारणारा मामा. मग ड्रेसिंगची मावशी. मग सिस्टर. एवढ्यांतून शाबूत पोचला तर इंटर्न, जो आता नम्रपणे विचारणार, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" तोवर ते माणूस निघून गेलेलं असतं. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याच्या १५ व्या कलमात डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा आढावा घ्या असं लिहिलंय, पण त्याच कलमात दवाखान्यात शिरणं सोपं करा असंही आहे. कॉलेजनं पहिला भाग वाचला आणि दुसरा सोडला.

कुठल्या वॉर्डात ठेवायचं, यावर मॅडमचं उत्तर होतं की रुग्णाला विचारा, त्याच्या इच्छेनुसार ठेवा, पडदा द्या. उत्तर बरोबर. पण तीस खाटांच्या वॉर्डात पन्नास रुग्ण आणि खाली गाद्या टाकलेल्या असताना शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा वॉर्डात आरडाओरडा करतो, त्याच्याशी कोण बोलतं? परिसेविका बोलते. तिला हॉलमध्ये जागा नव्हती. आम्ही दोघी होतो त्या निरीक्षक, आणि मी तर निवृत्त.

विभागप्रमुखांच्या रिकाम्या खुर्च्यांचं म्हणाल तर, पोरं स्लाईडवरून वागणं उचलत नाहीत, राउंडवर उचलतात. सर राउंडला खाटेपाशी उभे राहून डोळा मारून जे बोलतात तेच पुढची तीस वर्षं बोललं जातं. एका इंटर्ननं चहाच्या वेळी मला हळूच विचारलं, "सिस्टर, सरच हसले तर आम्ही काय करायचं?" मी तिला म्हटलं, तू हसू नकोस आणि राउंड संपल्यावर त्या पेशंटकडे परत जा. याहून चांगलं उत्तर टीमनं द्यायला हवं होतं, पण हा प्रश्न तिथे जाहीर विचारण्याची हिंमत कुणाला झाली नाही, कारण कोण कुठल्या विभागात आहे ते सगळ्यांना माहीत.

सुरुवातीला आणि शेवटी तीच प्रश्नपत्रिका सोडवून घेतली आणि मार्क वाढले म्हणून सगळे खूश. वाढणारच की. सहा महिन्यांनी कॅज्युअल्टीत उभं राहून बघा, तेव्हा कळेल.

जेवण उत्तम होतं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी. पुण्याच्या मॅडमनी शेवभाजी खाऊन दोन बाटल्या पाणी संपवलं. गुरूंच्या ताटाशेजारी पहिल्या दिवशी जागा रिकाम्या राहिल्या, दुसऱ्या दिवशी पोरीच त्यांना ओढून आपल्या टेबलावर घेऊन गेल्या. कुठल्या प्रश्नपत्रिकेपेक्षा मी याला जास्त मार्क देईन.

कुणाला आपल्या कॉलेजात ठेवायचं असेल तर टीमशी आधीच बोलून घ्या. कायद्याचं सत्र अर्धं करा, शरीराचं दुप्पट करा आणि ते सकाळी घ्या. स्किल लॅब उघडी ठेवा. हातात देण्याचं पान मराठीत मागा. केसपेपरचे कारकून, मामा, मावशी आणि वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर यांच्यासाठी वेगळे दोन तास ठेवा, तेही ड्युटी बदलायच्या वेळेला, नाहीतर कुणी सुटत नाही. नंदुरबारकडच्या कॉलेजांनी हार्मोनच्या रुग्णाला पुढे कुठे पाठवायचं याची यादी करून घ्या, कारण तिकडची माणसं सुरतेला जातात आणि टीमच्या यादीत फक्त पुणे-मुंबई आहे. परीक्षेच्या तोंडावर ठेवू नका.

रुग्ण-शिक्षकांच्या मानधनाचं अकाउंट सेक्शनशी आधी बोला. इथे कॉलेजनं नियमाप्रमाणे पॅनकार्ड आणि बँक पासबुक मागितलं. शिंदखेड्याच्या त्या भावाच्या पॅनवर नवं नाव आहे, पासबुकावर जुनं. बिल परत आलं, "नावात तफावत" असा शेरा मारून. ज्या मुलांना त्यानं दोन दिवस शिकवलं, त्यांच्यातल्याच दोघांनी अर्ज लिहून दिलाय. हे लिहीपर्यंत पैसे जमा झालेले नाहीत.